गुडघ्याचा फोटो : काय दिसते, काय दिसत नाही

सुगी सरली, माल बाजारात गेला आणि हातात चार पैसे आले, की घरातल्या वडीलधाऱ्यांच्या दुखण्याकडे पाहायला सवड होते. वर्षभर "चालायचंच, वय झालं आता" म्हणून मागे टाकलेले गुडघे मग तालुक्याला नेले जातात. डॉक्टर फोटो काढायला सांगतात. संध्याकाळच्या एस.टी.ने मंडळी परततात तेव्हा पिशवीत गोळ्या असतात, एक भलेमोठे पाकीट असते आणि घरभर फिरणारे एक वाक्य असते, "गॅप संपली." कोणी म्हणतो, "वंगण आटलं." कोणी म्हणतो, "हाड वाढलंय." रात्री जेवता जेवता ऑपरेशनचा विषय निघतो आणि त्याच्या पाठोपाठ दावणीच्या म्हशीचा.

म्हैस विकायची की नाही ते घरच्यांनी ठरवावे. पण ज्या फोटोवरून हा सगळा विचार चालला आहे तो फोटो काय सांगतो, हे आधी समजून घेतलेले बरे. पाकिटातली ती काळी फिल्म घरात कोणालाच वाचता येत नाही, आणि म्हणूनच तिची धास्ती जास्त. थोडीफार ती आपल्यालाही वाचता येते. रोग ओळखण्याचे काम डॉक्टरांचेच. पण त्यांना नेमका प्रश्न विचारता यावा एवढी ओळख शेतकरी कुटुंबाला हवी.

सावलीचा कागद

एक्स-रे म्हणजे सावली. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्त्झबुर्ग येथे विल्हेल्म राँटगेन या प्राध्यापकाला हे किरण प्रथम गवसले. ते कसले आहेत हे कळेना, म्हणून गणितात अज्ञात संख्येला देतात तसे नाव त्याने त्यांना दिले. आपण त्यांना क्ष-किरण म्हणतो ते त्यामुळे. त्याच वर्षी २२ डिसेंबरला त्याने आपल्या पत्नीच्या हाताचा फोटो काढला. त्यात बोटांची हाडे दिसली, बोटातली अंगठी दिसली आणि मांस मात्र पुसट धुक्यासारखे राहिले. आजच्या संगणकावरच्या फोटोतही गोष्ट तीच आहे. किरण ज्यातून सहज पार होतात ते काळे दिसते, ज्यात अडतात ते पांढरे दिसते. हाड पांढरे, धातू त्याहून पांढरा, मांस करडे.

आता घरातला गुडघ्याचा फोटो काढा आणि खिडकीच्या उजेडात धरा. समोरून काढलेल्या फोटोत वर मांडीचे जाड हाड दिसेल, त्याची खालची टोके दोन उंचवट्यांची. खाली नडगीचे हाड, वरून सपाट. नडगीच्या शेजारी एक बारीक हाड आहे. ते नेहमी पायाच्या बाहेरच्या अंगाला असते. एवढी खूण धरली की गुडघ्याची आतली बाजू कोणती आणि बाहेरची कोणती हे कळते. फिल्मच्या कोपऱ्यात डावा-उजवा दाखवणारे इंग्रजी अक्षर असते, तेही पाहून घ्यावे.

मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांच्यामध्ये एक काळसर पट्टी दिसते. हीच ती प्रसिद्ध गॅप. पुष्कळांना वाटते की तिथे पोकळी आहे. तिथे पोकळी नाही. तिथे दोन्ही हाडांच्या टोकांवर बसलेली गुळगुळीत कूर्चा आहे, जिला डॉक्टर बोलताना गादी म्हणतात, आणि दोन चंद्रकोरीसारख्या चकत्या आहेत. कूर्चेत चुना नाही, म्हणून किरण तिच्यातून पार जातात आणि ती फोटोत उमटत नाही. म्हणजे ज्या गादीच्या झिजेसाठी फोटो काढला ती गादी फोटोत दिसतच नाही. दोन हाडे किती जवळ आली आहेत ते पाहून तिच्या जाडीचा अंदाज करायचा. निरोगी गुडघ्यात हे अंतर साधारण चार-पाच मिलिमीटर असते, माणसागणिक कमीजास्त.

वंगणाचेही तसेच. सांध्यातले वंगण साध्या फोटोत मोजता येत नाही. फोटो पाहून "वंगण आटले" म्हणणे म्हणजे विहिरीच्या कठड्याचे चित्र पाहून पाण्याची खोली सांगणे. उलट झिजलेला गुडघा सुजतो तेव्हा त्यात पाणी नेहमीपेक्षा जास्त असते. पुष्कळ ठिकाणी वंगणाची सुई म्हणून महागडे इंजेक्शन देतात. त्याचा सरासरी उपयोग फार थोडा आहे असे मोठ्या तपासण्यांतून दिसले आहे. शब्द मनात एकदा बसला की खिसा हलका व्हायला वेळ लागत नाही.

झिजेच्या चार खुणा

झिजेच्या संधिवाताच्या फोटोत डॉक्टर चार गोष्टी शोधतात. पहिली, गॅप अरुंद होणे. आपल्याकडे बहुतेकांची आतली बाजू आधी झिजते. त्यामुळे बारीक हाडाच्या विरुद्ध बाजूची पट्टी चिंचोळी होत जाते आणि पाय धनुष्यासारखा बाहेर वाकतो. चालताना आजीचे दोन गुडघे एकमेकांपासून लांब राहतात ते यामुळे. दुसरी, हाडाच्या कडेला पक्ष्याच्या चोचीसारखे टोक येणे. "हाड वाढलंय" किंवा "काटा आलाय" म्हणतात ते हे. तिसरी, गादीखालचे हाड दाट होऊन जास्त पांढरे दिसणे. चौथी, त्या हाडात लहान गोल काळी छिद्रे पडणे. ही पुष्कळदा नसतात.

काट्याबद्दल थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण त्याची भीती फार आहे. नाव काटा असले तरी बाभळीचा काटा रुततो तसा तो मांसात रुतत नाही. झिजणाऱ्या सांध्याने आपला भार जास्त रुंदीवर पसरवायला टाकलेली ती कड आहे असे म्हटले तरी चालेल. तो कापून काढल्याने गुडघा बरा होत नाही, आणि कोणत्याही लेपाने तो विरघळत नाही. कॅल्शियम कमी पडल्यामुळे ही झीज होते हाही गैरसमजच. हाडे ठिसूळ होणे हा वेगळा आजार आहे. या आजारात तर गादीखालचे हाड उलट दाट होते. म्हणून गुडघ्याच्या झिजेवर कॅल्शियमच्या गोळ्या महिनोन्महिने खाऊन गादी परत येत नाही.

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. गुडघ्याचा फोटो उभे राहून काढलेला आहे की झोपून? जुन्या गादीवर कोणी बसलेले नसते तेव्हा ती फुगलेली आणि चांगली दिसते; माणूस बसला की ती किती दबते ते कळते. गुडघ्याचेही तेच आहे. रोगी टेबलावर आडवा असला तर सांध्यावर भार नसतो आणि गॅप आहे त्याहून मोठी दिसते. स्वीडनमधील आल्बेक यांनी १९६८ सालीच उभ्याने फोटो काढण्याचे महत्त्व दाखवून दिले. पुढे १९८८ साली गुडघे थोडे वाकवून, उभ्यानेच, मागच्या बाजूने फोटो काढण्याची पद्धत आली. त्यात सांध्याच्या मागच्या भागाची झीज पकडता येते. तरी आजही गर्दीच्या ठिकाणी घाईघाईने झोपवून फोटो काढला जातो. फोटो काढणाऱ्या भाऊंना विनयाने विचारावे, "उभं राहून काढायचा का?" उभे राहवत असेल तर दोन्ही गुडघ्यांचा एकाच फिल्मवर उभ्याने काढलेला फोटो उत्तम. जिना उतरताना आणि खालून उठताना वाटीच्या मागे दुखत असेल, तर बाजूने आणि वाटीचा वेगळा फोटो लागतो. समोरच्या फोटोत वाटी मांडीच्या हाडावर पडून झाकली जाते.

दिव्यापुढे हात धरून तो जरा तिरपा केला की भिंतीवरच्या सावलीत बोटे एकमेकांना चिकटतात. गुडघा जरा कमीजास्त वाकला की फोटोतली गॅपही तशीच बदलते. त्यामुळे मागच्या वर्षीचा झोपून काढलेला फोटो आणि यंदाचा उभ्याने काढलेला फोटो शेजारी ठेवून "वर्षात केवढी झीज झाली!" म्हणून घाबरू नये. फिल्मवर पट्टी ठेवून मिलिमीटर मोजण्याचाही खटाटोप नको. हल्ली छापताना फोटो लहान-मोठा केलेला असतो.

तिसरी ग्रेड म्हणजे काय?

"तिसऱ्या ग्रेडचा आहे," असे ऐकले की नापास झाल्यासारखे वाटते. या ग्रेडी आल्या कुठून? इंग्लंडात मँचेस्टर भागात केलग्रेन आणि लॉरेन्स हे दोन डॉक्टर कोळशाच्या खाणीत काम करणाऱ्यांच्या सांध्यांचा अभ्यास करीत होते. १९५७ साली त्यांनी फोटोतली झीज शून्य ते चार अशा पायऱ्यांत मांडली. शून्य म्हणजे काही नाही. एक म्हणजे शंका. दोन म्हणजे कडेला टोके नक्की आली आहेत, गॅप कदाचित थोडी कमी. तीन म्हणजे गॅप नक्की कमी, टोके बरीच. चार म्हणजे गॅप जवळजवळ गेलेली, टोके मोठी, हाडाचा आकार बदललेला. एकच फोटो दोन जाणत्या माणसांनी वाचला तर फरक पडतो का, हेही त्याच लेखात तपासलेले होते, आणि फरक पडतो. तेव्हा एका ठिकाणी दोन आणि दुसऱ्या ठिकाणी तीन सांगितले तर कोणीतरी फसवले असा लगेच अर्थ काढू नये.

या पायऱ्या फोटोच्या आहेत. दुखण्याच्या नाहीत. हे वाक्य अधोरेखित करून ठेवावे असे आहे. गावातच पाहा. एखादी आजी धनुष्यासारख्या पायांनी रोज देवळापर्यंत जाऊन येते, तक्रार करीत नाही. तिचा फोटो काढला तर चार निघेल. आणि एखादी चाळिशीतली सून खुरपणीला बसली की कळवळते, तिच्या फोटोत काहीच नसते. दोघीही खोटे बोलत नाहीत. कूर्चेत ज्ञानतंतू नाहीत, रक्तवाहिन्याही नाहीत. ती झिजते तेव्हा ती स्वतः दुखत नाही. दुखते ते तिच्याखालचे हाड, सांध्याचे सुजलेले अस्तर, ताणलेले स्नायू आणि दोर. यातले बरेचसे साध्या फोटोत दिसत नाही. त्यात झोप किती लागते, मनावर ताण किती, मांडीत ताकद किती, यावरही दुखण्याची तीव्रता ठरते.

अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावी पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या आरोग्याचा अभ्यास चालू आहे. तेथे खुब्याच्या फोटोंची जी तपासणी २०१५ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात वारंवार दुखणाऱ्या खुब्यांपैकी फोटोत झीज दिसली ती फक्त सुमारे १६ टक्क्यांत. उलट फोटोत झीज दिसलेल्या खुब्यांपैकी वारंवार दुखणारे होते सुमारे २१ टक्के. फोटो आणि दुखणे यांची गाठ किती सैल आहे, ते यावरून कळावे.

आपल्याकडचे आकडेही आहेत. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. चार हजारांहून अधिक प्रौढांपैकी सुमारे १८ टक्के लोकांना सांधे-स्नायूंचे दुखणे होते. झिजेचा संधिवात शंभरात सहाच्या आसपास लोकांना, तर आमवात दोनशेत एखाद्याला. घरातले प्रत्येक सांधेदुखीचे माणूस "संधिवाताचे" म्हणून एकाच दावणीला बांधू नये, असे हे आकडे सांगतात.

गुडघा दुखतो, चूक खुब्याची

आता खुब्याकडे वळू. याच्याकडे आपले फार दुर्लक्ष होते. कमरेखाली, जिथे मांडीचे हाड धडाला जोडले जाते, तो सांधा म्हणजे खुबा. उखळासारखा खळगा आणि त्यात चेंडूसारखा गोळा. हा सांधा खोल असतो, हाताला लागत नाही. त्याचे दुखणे जांघेत येते, मांडीच्या पुढच्या भागावरून उतरते आणि पुष्कळदा थेट गुडघ्यात जाणवते. खुब्याला आणि गुडघ्याला जाणारे काही ज्ञानतंतू एकच आहेत. त्यामुळे मेंदूची गल्लत होते. परिणाम असा की रोगी गुडघ्यावर हात ठेवतो, फोटो गुडघ्याचा निघतो, तो चांगला येतो आणि रोग्याला सांगितले जाते की तुम्हाला काही झालेले नाही. खरा बिघाड वीतभर वर असतो.

घरी ओळखायची खूण अशी. मांडी घालून बसता येत नाही, पायाची नखे कापायला हात पोचत नाही, चप्पल-पायजमा घालताना पाय वळत नाही, जांघेत कळ येते, आणि गुडघा मात्र वाकवला तरी फारसा त्रास नाही, असे असेल तर डॉक्टरांना आपणहून सांगावे, "खुबाही बघा." कुल्ल्यावर मागच्या बाजूला दुखते ते मात्र पुष्कळदा कमरेच्या मणक्याचे असते. लहान मूल गुडघा दुखतो म्हणून लंगडत असेल, तर खुबा तपासल्याशिवाय ते प्रकरण मिटवू नये.

खुब्याच्या फोटोत दोन्ही खुबे एकाच फिल्मवर घेतात. हा फोटो झोपून काढलेला चालतो. पायाचे अंगठे थोडे आत वळवायला सांगतात, म्हणजे मांडीच्या हाडाची मान लांब आणि नीट दिसते. दुखरा आणि बरा अशी तुलना लगेच होते. गोळा गोल आहे का, वरच्या अंगाची पट्टी कमी झाली आहे का, खळग्याच्या कडेला टोके आली आहेत का, एवढे पाहतात.

आपल्याकडे नुसत्या वयाने होणारी खुब्याची झीज युरोपातल्यापेक्षा कमी दिसते. आपल्याकडे खुबा बिघडतो तो पुष्कळदा दुसऱ्या कारणाने, आणि तरुणपणी. गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो, आतले हाड मरते आणि गोळा हळूहळू चेपतो. दारूचे व्यसन, स्टिरॉइडची औषधे फार दिवस घेणे, जुना मोडलेला खुबा, आणि विदर्भ-खानदेशाच्या आदिवासी भागात आढळणारा सिकलसेल आजार, ही त्याची नेहमीची कारणे. २०२१ साली कोरोनानंतर असे रोगी मुंबईतल्या डॉक्टरांनीही नोंदवले. या आजारात सुरुवातीला साधा फोटो अगदी स्वच्छ येतो. तिशी-चाळिशीतला गडी जांघ दुखते म्हणून लंगडतो, फोटो चांगला आहे, म्हणून त्याला आळशी ठरवू नका. इथे एम.आर.आय. लवकर करून घेण्यात शहाणपणा आहे; गोळा चेपण्यापूर्वी कळले तर तो वाचवण्याचे उपाय करता येतात. सांधेदुखीवर रामबाण म्हणून मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत पुष्कळदा स्टिरॉइड मिसळलेले असते. चार दिवसांत पळायला लावणारी पुडी पुढे खुबाच खाऊन टाकू शकते.

शेतकऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. १९९२ साली इंग्लंडमधील ६० ते ७६ वयाच्या शेतकरी पुरुषांच्या खुब्यांचे फोटो तपासून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दहा वर्षांहून अधिक शेती केलेल्यांत खुब्याच्या झिजेचे प्रमाण बैठे काम करणाऱ्यांच्या सुमारे नऊपट आढळले. संशय आहे तो वर्षानुवर्षे उचललेल्या जड ओझ्यांवर. आपल्याकडे गुडघ्याचे तसेच आहे. खुरपणी, भातलावणी, निंदणी ही सगळी कामे बायका तासन्‌तास उकिडव्या बसून किंवा वाकून करतात. चीनमध्ये बीजिंगच्या पाहणीत तरुणपणी फार वेळ उकिडवे बसणाऱ्यांत म्हातारपणी गुडघ्याची झीज जास्त दिसली. लांब दांड्याचे खुरपे, सायकल-कोळपे, बसायला चार इंची पाट, पोते उचलायला दोन माणसे, ही चैन समजू नये.

मोठ्या यंत्राचा मोह

"साध्या फोटोत काय कळतंय? एम.आर.आय. काढा," असे सांगणारा शहाणा प्रत्येक गावात असतो. एम.आर.आय.मध्ये क्ष-किरण नसतात, मोठे चुंबक असते. त्यात कूर्चा, चकत्या, दोर, पाणी, हाडातली सूज सगळे दिसते. पण सगळे दिसते हीच अडचण आहे. फ्रेमिंगहॅमच्याच ७१० लोकांची, पन्नाशीपुढच्या, ज्यांच्या साध्या फोटोत झीज नव्हती अशांची, गुडघ्याची एम.आर.आय. तपासणी झाली. २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: ८९ टक्के लोकांत काही ना काही बिघाड दिसला, आणि गुडघा न दुखणाऱ्यांतही तो जवळजवळ तितकाच होता. त्याआधी २००८ साली तेथेच दिसले होते की ज्यांची चकती फाटलेली निघाली त्यांतल्या ६१ टक्के लोकांना मागच्या महिन्याभरात गुडघ्याचा त्रास नव्हता. पन्नाशीनंतर चकतीला चीर असणे हे केस पांढरे होण्यासारखे आहे. ती चीर दाखवून दुर्बिणीने गुडघा साफ करून घ्यायला कोणी सांगितले, तर दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यावे. झिजलेला गुडघा दुर्बिणीने धुण्यापेक्षा नुसत्या चिरा देऊन टाके घातलेल्यांना तितकाच आराम पडला, हे अमेरिकेत २००२ सालीच दिसून आले आहे.

मग एम.आर.आय. कधी? गुडघा पिळवटून मार लागला आणि अडकून बसतो आहे तेव्हा. तरुण माणसाची जांघ दुखते आणि फोटो स्वच्छ आहे तेव्हा. म्हातारे माणूस पडले, पाय टेकवत नाही आणि साध्या फोटोत मोड दिसत नाही तेव्हा. बारीक मोड पहिल्या फोटोत हुकू शकते. रात्रंदिवस ठणका, ताप किंवा वजन घटत असेल तेव्हा. छातीत हृदयाचे यंत्र बसवलेले असेल किंवा वेल्डिंग करताना डोळ्यात लोखंडाचा कण गेलेला असेल, तर आत जाण्यापूर्वी ते सांगितलेच पाहिजे.

खरे तर कित्येकांना साध्या फोटोचीही निकड नसते. ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शनानुसार वय ४५ च्या पुढे, हालचालीने दुखते, आणि सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासाच्या आत सुटतो, एवढे असेल तर झिजेचा संधिवात फोटोशिवायही ओळखावा. आखडलेपणा तासभर टिकतो, हाताची बोटेही सुजतात, अशा वेळी आमवाताची शंका घेऊन रक्त तपासावे. सांधा एकाएकी लाल, गरम झाला आणि ताप आला, तर फोटोची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

ऑपरेशनचे काय?

सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया वाईट नाही. ज्याची गॅप खरोखर गेलेली आहे, रात्री झोप लागत नाही, परसाकडेपर्यंत चालवत नाही आणि व्यायाम-औषध करून झाले आहे, त्याला ती नवे आयुष्य देते. पण फोटोत झीज थोडी आणि दुखणे मोठे, अशा माणसाने सांधा बदलला तर समाधान कमी मिळते, असा अनुभव आहे. आणि फोटोत चार असून माणूस हिंडतोफिरतो आहे, तर केवळ फोटोसाठी त्याला टेबलावर चढवण्याचे कारण नाही. म्हणून डॉक्टरांना विचारावे ते हे: फोटो उभ्याने काढलेला आहे ना? माझे दुखणे आणि ही झीज जुळते का? खुबा पाहिला का? तीन महिने व्यायाम करून पाहिला तर नुकसान आहे का?

तीन महिन्यांत करायचे ते फार अवघड नाही. खुर्चीवर बसून पाय सरळ करावा, मांडी आवळून दहा आकडे मोजेपर्यंत धरावा, खाली घ्यावा. प्रत्येक पायाने दहा-पंधरा वेळा, सकाळ-संध्याकाळ. वजन जास्त असेल तर ते उतरवावे. एक किलो घटले की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी घटतो. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. आपल्याकडे बहुतेक जण उलटी धरतात. शौचाला खुर्चीची सोय करावी. दुखण्याच्या गोळ्या मनानेच रोज खाऊ नयेत, मूत्रपिंडावर आणि पोटावर बेततात; वरून चोळायचे मलम त्या मानाने निर्धोक.

फोटो काढायला जाताना सैल कपडे घालावेत, जोडवी-पैंजण नसले तरी चालेल पण कंबरपट्टा, करदोट्याची चांदी, खिशातली नाणी काढून ठेवावीत. गुडघ्याच्या फोटोतले किरण फार थोडे असतात, एका दिवसात निसर्गातून अंगावर येतात त्यापेक्षाही कमी. खुब्याच्या फोटोत ते जास्त असतात. पाळी चुकलेली असेल तर लेकी-सुनांनी लाज न धरता ते आधीच सांगावे. फिल्म दुमडू नये, पत्र्याखालच्या उष्णतेत किंवा चुलीजवळ ठेवू नये. फिल्मला फिल्म लागून ओलीत ठेवली तर चिकटते. पाकिटावर तारीख, कोणता पाय आणि उभ्याने की झोपून हे पेनने लिहून ठेवावे. मोबाइलवर खिडकीपुढे धरून काढलेली फोटोची प्रत पुण्या-मुंबईच्या नातेवाइकाला पाठवायला ठीक आहे, पण डॉक्टरांना दाखवायला मूळ फिल्म किंवा केंद्राने दिलेली सी.डी. न्यावी, आणि मागचे सगळे फोटो त्याच पिशवीत बरोबर असावेत.